रडारवरची टिनाची घरं

मी विमान चालवत नाही. हे मी आमच्या गावात इतक्यांदा सांगितलं, की आता सांगायची लाज वाटते. लोक ऐकून घेतात, मान डोलावतात आणि शेजाऱ्याला म्हणतात, "इमानात हाये पोट्टा." पालथ्या घड्यावर पाणी. पुढे पुढे मीही सांगणं सोडलं. खोटं आपण बोललो नाही, लोकांनीच मानून घेतलं, अशी माझी सोय झाली.

खरं काम असं होतं. बंगळुरात एका मोठ्या शेडमध्ये विमानाचं फक्त नाक ठेवलेलं होतं. पंख नाहीत, शेपूट नाही. आत वैमानिकाच्या दोन खुर्च्या, समोर वाकवलेला भलामोठा पडदा. वैमानिक येऊन बसायचे आणि त्या पडद्यावरच्या आकाशात उडायचे. आम्ही तपासत होतो ते त्यांच्या गुडघ्यांसमोरचं छोटं यंत्र. ढगातून किंवा अंधारातून, डोंगराला जवळजवळ अंग घासत उडायची वेळ आली की बाहेरचं काही दिसत नाही. मग पुढे काय आहे ते रडार सांगतं आणि ते या छोट्या पडद्यावर उमटतं. विमानापेक्षा खाली असलेली जमीन हिरवी, बरोबरीची पिवळी, वर आलेली लाल. रंग कोणते हवेत, रेषा किती, वैमानिकाच्या लक्षात डोंगर वेळेत येतो की नाही, हे आम्ही काचेमागे बसून टिपून घ्यायचो. परीक्षा तुमची नाही, पडद्याची आहे, असं मी प्रत्येकाला बजावायचो. एकाचाही विश्वास बसला नाही. डोंगराला धडकलं की सगळं लाल होऊन थिजायचं, आणि मग दोष पहिल्यांदा खुर्चीचा निघायचा.

चाचणीला कुठला प्रदेश घ्यावा, असा विषय निघाला तेव्हा साहेबांना हवी होती सपाट जमीन आणि तिच्या टोकाला एकदम उठलेला डोंगर. मी हात वर केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण तेव्हा छाती फुगली होती. नांदुऱ्याकडून निघावं, पूर्णा ओलांडावी, संग्रामपूरपर्यंत कपाशीची काळी जमीन पाटासारखी सपाट, आणि तिथून पुढे सातपुडा भिंतीसारखा उभा. खालून येणाऱ्या विमानाला विचार करायला वेळच मिळत नाही. साहेब नकाशा पाहून खूश झाले. आमच्या भागाचं कौतुक व्हायची ही पहिलीच वेळ असावी.

डोंगर, नद्या नकाशावरून, पडद्यावरचं चित्र उभं करणाऱ्या मोठ्या यंत्रात घातल्या. गावं घालायचं काम मी मागून घेतलं. इतर गावं मी ठोकळे मांडून उरकली, पण आमच्या गावाचं प्रत्येक घर त्याच्या जागी ठेवलं. देऊळ, शाळा, आमचा ओटा, शेजारच्या काकांचा गोठा, सगळं आठवून आठवून. घरांवर टिनं टाकली, कारण आमच्याकडे कौलं कमी आणि टिनं फार. मग फोनवर बाबांना सांगितलं, की आपलं गाव विमानाच्या यंत्रात घातलं. बाबांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, "देऊळ बी?" म्हटलं, देऊळही. दुसऱ्या दिवशी ते गावभर झालं होतं.

त्या दिवसांत बाबांना अशा एखाद्या गोष्टीची फार गरज होती, हे मला पुढे शेजारच्या काकांकडून कळलं. आमच्या गल्लीत बीटी कपाशीचं बियाणं पहिल्यांदा बाबांनी आणलं. पहिल्या वर्षी बोंडांच्या भाराने झाडं वाकली. लोक धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे राहून पाहून गेले, आणि पुढच्या हंगामात गल्लीतल्या सगळ्यांनी तेच पेरलं. मग ते वर्ष आलं. पावसाने ओढ दिली, पानं लाल झाली, बोंडं सुपारीएवढी राहिली आणि झाडं जागच्या जागी मुकी उभी. बाबांनी कोणाला पेरा म्हणून आग्रह केला नव्हता. त्यांना कोणी शिवीही दिली नाही. फक्त संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसायला येणारी माणसं हळूहळू यायची थांबली. आई गेल्यापासून तो ओटा हाच बाबांचा संसार होता. काका फोनवर म्हणाले, की आता लोक येतात ते तेवढं यंत्रातल्या गावाचं विचारायला. आपलं घर आहे का त्यात, एवढं विचारतात आणि थोडा वेळ टेकतात.

हे मला कळलं तेव्हा गाव यंत्रात नव्हतं. मीच काढलं होतं.

झालं असं, की टीन रडारला फार चमकतं. माती, झाडं यांच्यावरून रडारची लाट मऊ होऊन परतते, टिनावरून मात्र भाल्यासारखी. आमचे एक वरिष्ठ वैमानिक होते, उत्तरेकडचे, स्वभावाने गोड, आणि हात असा की खुर्चीला दोष द्यायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. तेसुद्धा आमच्या डोंगरावर आपटले. टिपणं काढून पाहिली तर डोंगर लाल होत होता त्याच क्षणी त्यांची नजर खालच्या चमकत्या ठिपक्यांकडे गेली होती. ते ठिपके म्हणजे आमचं गाव. शिवाय इतकी घरं मोजताना यंत्र दमायचं, चित्र झटके खात पुढे सरकायचं आणि वैमानिकांना मळमळायचं. आमच्या धंद्यात पडद्यावरच्या अशा नको असलेल्या चमकीला कचरा म्हणतात. साहेब म्हणाले, कचरा काढा.

मी एका दुपारी बसून काढला. संग्रामपूरच्या बाजूची गावं आधी, मग आमचं. एका चौकटीत गाव धरायचं आणि कळ दाबायची, की खाली नुसती तपकिरी जमीन. आपलं गाव काढताना हात अडखळला, असं लिहायला मला आवडलं असतं. नाही अडखळला. चित्र लोण्यासारखं सरकू लागलं, वैमानिकांनी पाठ थोपटली, साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला आणि मी खुशीत दोन कप प्यायलो. बाबांना सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, सांगितलं नाही.

दसऱ्याच्या आधी बाबा बंगळुरात आले. कपाशीवाला माणूस ऐन वेचणीच्या तोंडावर घर सोडत नाही, यातच मला काय ते समजायला हवं होतं. वेचायला काही नव्हतं म्हणून ते आले होते. पिशवीत तुरीची डाळ, मिरच्यांचा ठेचा आणि एक कोरा पांढरा सदरा. माझ्या मनात होतं, की शेत बटईने, अर्ध्या वाट्यावर, द्यावं आणि त्यांनी माझ्याकडेच राहावं. तसं मी पहिल्याच दिवशी बोललो. ते म्हणाले, पाहू. मग म्हणाले, की आधी ते गाव दाखव, लोकांना जाऊन सांगायचं आहे.

आमच्याकडे खंडेनवमीला पहारी-विळ्यांची पूजा होते, तशी तिकडे यंत्रांची होते, आणि थाटात होते. आमच्या त्या बिनपंखी विमानालाही केळीचे खुंट बांधायचे, झेंडूच्या माळा घालायच्या, पुढ्यात कोहळा फोडायचा. त्या एका दिवशी घरच्या माणसांना आत सोडत. मी बाबांना म्हटलं, गर्दी असते, नंतर कधीतरी जाऊ. त्यांना त्यात काही अर्थ वाटला नाही. त्यासाठीच तर आलो, म्हणाले, आणि कोरा सदरा घातला.

बसमध्ये खरं सांगून टाकता आलं असतं. शेजारीच बसले होते. त्याऐवजी मी त्यांना समजावत होतो, की तिथे साहेब लोक असतात, हिंदीत बोला, मले-तुले करू नका. पुण्यात शिकताना माझ्या मले-तुलेवर पोरं हसायची, तो सल मी बापावर काढत होतो. ते हो म्हणाले. पडदा लहान असतो, सगळंच काही नीट दिसत नाही, असंही मी मधेच सांगून ठेवलं. त्यावर त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला.

आत ते वरिष्ठ वैमानिक स्वतः पुढे आले. बाबांना नमस्कार केला, हात धरून उजवीकडच्या खुर्चीत बसवलं आणि आपण डावीकडे बसले. मी काचेमागे होतो, कानाला त्यांचं बोलणं ऐकायचं यंत्र लावून. विमान नांदुऱ्याच्या बाजूने निघालं. खाली नदी आली तसे बाबा वळणावरून ओळखून म्हणाले, "ये पूर्णा है." वैमानिकाला कोण कौतुक वाटलं. बाबा पुढे सरकून बसले. आता संग्रामपूर येईल, असं त्यांनी त्यांच्या हिंदीत सांगितलं. संग्रामपूर आलं नाही. तपकिरी जमीन आली, आणखी जमीन आली, मग डोंगर आला, आणि वैमानिकाने नाक वर घेतलं.

बाबांनी पुन्हा एकदा न्यायला सांगितलं. वैमानिकाने हौसेने नेलं, अजून खालून. बाबा या वेळी समोर पाहतच नव्हते, आपल्या अंगाच्या खिडकीतून खाली पाहत होते, मान लांब करून. एसटीतून जाताना आपलं उतरायचं ठिकाण गेलं की काय म्हणून माणूस पाहतो, तसे. डोंगर गेला. मग त्यांनी विचारलं, "गाँव किधर है, साब?"

"गाँव?" वैमानिक हसले. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं. "गाँव तो आपके बेटे ने निकाल दिए, बाबूजी. बहुत कचरा था, टीन ही टीन चमकता था. इसने सब साफ कर दिया. बड़ा अच्छा काम किया."

बाबांनी वळून काचेकडे पाहिलं. त्यांच्या बाजूने काच काळी असते, मी त्यांना दिसत नव्हतो. तरी मी मान खाली घातली. कानात त्यांचा आवाज आला. "अच्छा किया," ते म्हणाले. अगदी नीट, मी शिकवल्यासारखं हिंदीत.

घरी जाताना त्यांनी प्रसादाचा पेढा अर्धा मला दिला. बंगळूरच्या बसमध्ये बायकांना पुढे बसायला जागा ठेवतात ते चांगलं आहे, म्हणाले. मी खुलासा करायला लागलो, की यंत्र दमत होतं, वैमानिकांना ओकारी यायची, असं करावंच लागतं. ते ऐकत होते. मला माझंच बोलणं खुर्चीला दोष देणाऱ्या वैमानिकासारखं वाटायला लागलं. दसरा झाल्यावर ते निघाले. हरभरा पेरायचा आहे, म्हणाले. राहायचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही.

गाव परत यंत्रात घालता येईल का, म्हणून मी पाहिलं. काढलेली घरं मी कुठे ठेवून दिली नव्हती. पुन्हा मांडली असती, पण तोवर चाचणी संपली आणि यंत्रात दुसराच कुठला तरी वाळवंटी प्रदेश चढला. आपल्या गावासाठी यंत्र मागायचं धाडस मला झालं नाही. खरं तर हसतील म्हणून मागितलं नाही.

संक्रांतीला मी गावी गेलो. नांदुऱ्याला गाडीतून उतरून एसटी धरली, तर शेजारी आमच्याच गल्लीच्या मागचा एक जण. त्याने मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, की आमचं घर देवळाच्या मागं असून दिसते म्हणे. मला काही कळेना. मी हं म्हटलं. मग त्यानेच सांगितलं, की तुह्या बाबानं सगळं पाह्यलं, गल्ली अन् गल्ली, शाळेचा हापसासुद्धा.

घरी पोचलो तर ओटा भरलेला. कोणी उकिडवं, कोणी पायरीवर, कोणी खांबाला टेकून. बाबा मधोमध बसून विमान नेत होते. पूर्णा ओलांडली, संग्रामपूर गेलं, आणि आता आपलं गाव. कोणाच्या छपरावर भोपळ्याचा वेल चढला आहे तेसुद्धा सांगत होते. मला पाहून थांबले नाहीत, फक्त जरा भरभर बोलू लागले. पुढच्या हंगामाला काय पेरावं, हेही त्या बैठकीत त्यांना कोणीतरी विचारलं. म्हणजे ओटा परत मिळाला होता. मी पिशवी उचलून आत गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना मी विषय काढला. म्हटलं, हे असं किती दिवस चालणार, उद्या कोणी पाहायलाच निघालं तर? मी लोकांना खरं काय ते सांगून टाकतो. चूक माझी आहे, तुम्ही का खोटं बोलायचं? हे बोलताना मला आपण फार मोठ्या मनाचे आहोत असं वाटत होतं.

बाबांनी भाकरीचा तुकडा ताटातच ठेवला.

"सांग ना," ते म्हणाले. "पण काय सांगशीन बे? आपल्याच पोट्ट्यानं आपल्याले कचरा म्हून काढून टाकलं, हे सांगशीन? या साली त्याईच्या हाती काहीच नाई लागलं. तेवढं तरी राहू दे."

मग त्यांनी वरण वाढून घेतलं. मी बंगळूरला राहायला येण्याबद्दल काहीतरी पुटपुटलो, का ते मलाही माहीत नाही. ते म्हणाले, "तिथं कोन हाये आपलं?" मी समोर बसलेला होतो.

संध्याकाळी ओटा पुन्हा भरला. शेजारचे काका पुढे होते. बाबांकडून सारखं सारखं ऐकलं, आता ज्यानं घातलं त्याच्या तोंडून ऐकू, असं त्यांनीच सुचवलं. मला जागा करून दिली. बाबा खाली पाहत सुपारी कातरत होते. मी सांगायला लागलो. गाव तोंडपाठ होतं. वेशीपासून निघालो, शाळा घेतली, देऊळ घेतलं. लोक शांत ऐकत होते आणि आपलं घर आलं की जरा हलत होते. एकदा लय सापडली तसा मला चेव चढला. मी म्हटलं, आणि सगळ्यांत जास्त काय चमकतं माहीत आहे? काकांच्या गोठ्यावरचं नवं टीन. आभाळातून ते पहिलं दिसतं.

कोणी हललं नाही. बाबांचा अडकित्ता थांबला. मी काकांकडे पाहिलं, आणि त्यांच्या खांद्यावरून पलीकडे नजर गेली. गोठ्याच्या जागी मोकळी जमीन होती. खुंट्या उपटल्याचे खड्डे होते, त्यांच्यावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा भारा ठेवला होता. बैल विकल्यावर त्यांनी गोठा उतरवून टिनंही विकली होती, हे मला नंतर कळलं. एक दिवस आणि एक रात्र मी त्या घराच्या शेजारी काढली होती, आणि तिकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

आता हे सगळे उठून जातील, असं वाटलं. जावेत, असंही वाटलं. इतकी शरम मला त्या काचेमागेही वाटली नव्हती.

काकांनी मागे वळून त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं नाही. "हाव," ते म्हणाले, "लय चमकते ते टीन. बराबर हाये." आणि पायरीवरच्या माणसांकडे एकदा पाहून मला विचारलं, "मंग? त्याच्या पुढं कोनाचं घर येते?"

मी पुढचं घर सांगितलं.